ओपेथच्या संगीतातला खरा बदल कोणत्या अल्बमपासून सुरू होतो?

खर्जातला सा (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने मी स्वीडनच्या ओपेथ या बँडचे चौदाही अल्बम, 1995 च्या 'ऑर्किड'पासून 2024 च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'पर्यंत, प्रसिद्धीच्या क्रमाने आणि मध्ये एकही न गाळता ऐकले. त्याआधी मला फक्त 'ब्लॅकवॉटर पार्क' आणि 'डॅम्नेशन' माहीत होते, आणि तेही महाविद्यालयात असताना कोणीतरी कॉपी करून दिलेल्या सीडीमुळे.

या बँडबद्दल जिथे तिथे एकच निकाल वाचायला मिळतो. 2008 च्या 'वॉटरशेड'पर्यंतचा ओपेथ हा डेथ मेटल (अतिशय जड, आक्रमक मेटल संगीत) आणि सत्तरच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत) यांची सांगड घालणारा बँड होता, आणि 2011 च्या 'हेरिटेज'मध्ये गायक-गिटारवादक मिकाएल ओकरफेल्टने ग्राउल, म्हणजे घशातून काढलेला घोगरा, गुरगुरता आवाज, सोडला तेव्हा तो दुसराच बँड झाला, असे लोक म्हणतात. क्रमाने ऐकताना मला मात्र त्या ठिकाणी एवढी मोठी भेग जाणवली नाही. 'मॉर्निंगराइज' संपवून 'माय आर्म्स, युअर हर्स' लावला तेव्हा जो धक्का बसला, तो 'हेरिटेज'च्या धक्क्यापेक्षा मोठा होता.

मी वादक नाही. लहानपणी चार वर्षे पेटी शिकलो, तेवढेच काय ते ज्ञान. म्हणून जाणकारांना विचारतो, की गायकाचा घोगरा आवाज आहे की नाही हा ढोबळ निकष बाजूला ठेवला, तर या चौदा अल्बममधला बदल ओळखण्यासाठी नेमके काय ऐकावे?

---

सहा तारा

प्रश्न आवडला. मी गिटार वाजवतो आणि या बँडची बरीच गाणी, बहुतेक अर्धवटच, बसवण्याचा प्रयत्न केलेला आहे, त्यामुळे माझे उत्तर हातांच्या अनुभवातून आलेले आहे. माझ्या मते ओपेथमध्ये ऐकायची गोष्ट म्हणजे सांधे. एक भाग संपून दुसरा सुरू होतो, जड गिटार थांबून अकूस्टिक गिटार येते, तो क्षण प्रत्येक अल्बममध्ये कसा हाताळला आहे ते पाहिले, की बँडची सगळी वाटचाल उलगडत जाते.

पहिल्या दोन अल्बममध्ये सांधे उघडे आहेत. दोन्ही अल्बम डॅन स्वानोच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. 'मॉर्निंगराइज'मध्ये पाचच गाणी आहेत, पाचही दहा मिनिटांच्या वरची, आणि त्यातले 'ब्लॅक रोझ इमॉर्टल' तर वीस मिनिटे ओलांडते. ओकरफेल्ट आणि पीटर लिंडग्रेन हे दोघे गिटारवादक क्वचितच एकच गोष्ट वाजवतात. दोघांच्या दोन वेगळ्या चाली एकमेकींना वेटोळे घालत जातात, खाली योहान डी फार्फालाचा बेस स्वतःचेच तिसरे काहीतरी सांगत असतो, आणि आलेला रिफ, म्हणजे गिटारवरचा छोटा ठरावीक तुकडा, सहसा परत येत नाही. एक भाग संपतो, क्षणभर शांतता पडते, नवा भाग सुरू होतो. सुंदर तुकडे शेजारी शेजारी मांडून ठेवल्यासारखे ते वाटते. त्या वीस मिनिटांतले दोन तुकडे कोणी अदलाबदल करून दिले असते, तर पहिल्यांदा ऐकताना मला कळलेही नसते, हे कबूल करतो.

1998 च्या 'माय आर्म्स, युअर हर्स'ने तुम्हाला जो धक्का बसला तो खरा आहे. ड्रमर आंडर्स नोर्डिन आणि बेसवादक दोघेही गेले होते, मार्टिन लोपेझ नवा ड्रमर म्हणून आला होता, आणि नवा बेसवादक मार्टिन मेंडेझ इतका नवा होता की 'माय आर्म्स, युअर हर्स'वरचा बेस ओकरफेल्टनेच वाजवला. गाणी आखूड झाली, दोन गिटारींचे वेटोळे सुटून त्या एकत्र, जाड रिफ वाजवू लागल्या. शिवाय हा पहिला कथासूत्र असलेला अल्बम आहे, आणि त्यात एक गाणे ज्या शब्दांवर संपते तेच पुढच्या गाण्याचे शीर्षक असते. सांधा हा विचार करण्याजोगा विषय आहे, हे त्यांना इथे प्रथम कळले असे मी म्हणेन.

'स्टिल लाइफ' आणि 2001 चा 'ब्लॅकवॉटर पार्क' या दोघांत तो विचार हातात बसला. 'द ड्रेपरी फॉल्स' ऐका. सुरुवातीची संथ, लांबट गिटारची चाल मध्यभागातल्या सगळ्या वादळानंतर शेवटी परत येते, आणि तोपर्यंत तिचा अर्थ बदललेला असतो. समेवर परतल्यासारखे म्हणा हवे तर. तुम्ही पेटी शिकलात म्हणून हा शब्द वापरला. या अल्बमवर निर्माता म्हणून पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश बँडचा स्टीव्हन विल्सन आला, आणि मागच्या आवाजांचे थर, पियानो, दूरवरून येणारे सूर या सगळ्यांत त्याचा हात दिसतो. 'द लेपर अफिनिटी' हे अंगावर येणारे गाणे शेवटी एकट्या पियानोवर विझते, तो पियानोही त्याचाच.

आता 2005 चा 'घोस्ट रेव्हरीज'. इथे दोन गोष्टी घडल्या आणि माझ्या मते खरा बदल याच अल्बममध्ये आहे. पहिली गोष्ट गिटारच्या तारा लावण्याची. 'घोस्ट ऑफ पर्डिशन'साठी गिटार जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ, ए, ई अशी लावलेली आहे. डावा हात न लावता नुसता उजवा हात फिरवला तरी डी मायनरचा स्वरसमूह वाजतो, आणि वरचा ई त्यात किंचित खुपत राहतो. मी पहिल्यांदा तशा तारा लावल्या तेव्हा काहीही न वाजवता पाच मिनिटे तोच झंकार ऐकत बसलो होतो. याचा परिणाम असा, की जड रिफ आणि नाजूक भाग एकाच झंकारातून निघतात, त्यामुळे सांधा आधीच अर्धा बुजलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे की-बोर्डवादक पेर विबर्ग हा स्टुडिओत बँडचा सदस्य म्हणून प्रथम आला. त्याचा मेलोट्रॉन (टेपवरचे ध्वनी वाजवणारे जुने की-बोर्ड वाद्य) आणि ऑर्गन जड भागातही खाली चालू राहतो आणि शांत भागातही. छत बदलले तरी जमीन तीच राहते. एकदा ही जमीन मिळाल्यावर जड गिटारीची गरज उत्तरोत्तर कमी होणारच होती, आणि 'हेरिटेज'मध्ये ती झाली. म्हणूनच क्रमाने ऐकताना तुम्हाला तिथे भेग दिसली नाही.

---

डाव्या पायाचा हिशेब

वरच्या उत्तरातले गिटारचे विवेचन उत्तम आहे, पण गिटारवादकांच्या सवयीप्रमाणे ड्रमर फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या यादीत उरला आहे. मी ड्रम्स वाजवतो, तेव्हा एवढी भर घालू द्या.

1998 ते 2005 या काळातला ओपेथ हा मुख्यतः मार्टिन लोपेझचा ओपेथ आहे. मोठ्या ठोक्यांच्या मध्ये तो स्नेअर या ड्रमवर अगदी हलके, कानाला जेमतेम लागणारे ठोके पेरत जातो, त्यामुळे अत्यंत जड रिफसुद्धा डुलतो. 'डिलिव्हरन्स' या शीर्षकगीताच्या शेवटची तीनेक मिनिटे नीट ऐकावीत. गिटार आणि बेस ड्रम एकाच आडव्या-तिडव्या आकृतीला चिकटून राहतात आणि ती आकृती पुन्हा पुन्हा येत राहते. वाचताना हे कंटाळवाणे वाटेल, पण वर झांजांवर तो सतत काहीतरी सरकवत राहतो, आणि तुम्ही मान हलवत असताना मात्रा मोजणे केव्हा सोडून दिले ते तुमचे तुम्हाला कळत नाही. मी ती आकृती महिनाभर गिरवली. हात बसले, डुलणे मात्र आजही बसलेले नाही.

लोपेझ 2006 मध्ये गेला आणि मार्टिन ॲक्सेनरोट आला. यात एक गंमत आहे. ॲक्सेनरोट हा ब्लडबाथसारख्या निव्वळ डेथ मेटल बँडमधला, वेगासाठी ओळखला जाणारा ड्रमर. त्याने ओपेथसोबत पाच अल्बम केले आणि त्यांतल्या चार अल्बममध्ये ग्राउलच नाही. हातोडा आणून त्याच्याकडून नक्षीकाम करवून घ्यावे तसे हे झाले. 'हेरिटेज'मध्ये तो जाझकडे झुकलेले वाजवतो ते कौतुकास्पद आहे, पण प्रयत्नपूर्वक केलेले आहे हे लपत नाही. 'पेल कम्युनियन'पर्यंत ते त्याच्या अंगवळणी पडले. तेव्हा मला विचाराल तर भेग आहे, पण ती 2006 ची आहे, आणि ती ध्वनिमुद्रणात दिसायला 2008 उजाडले.

---

जुना गिऱ्हाईक

दोन्ही उत्तरांचा आदर राखून मी लोकमताच्या बाजूने उभा राहतो. 'हेरिटेज' हा तुटलेपणाचाच अल्बम आहे, आणि सगळे आधीपासून ठरलेलेच होते अशी मांडणी मला मागे वळून केलेल्या शहाणपणासारखी वाटते.

'डॅम्नेशन'चे उदाहरण घ्या. त्यातही ग्राउल नाही आणि जड गिटार नाही, पण तो एप्रिल 2003 मध्ये आला तो 'डिलिव्हरन्स'चा जोडीदार म्हणून. दोन्ही एकाच वेळी ध्वनिमुद्रित केलेले, एकात सगळा जडपणा आणि दुसऱ्यात सगळा हळवेपणा, अशी ती विभागणी होती. म्हणजे बँडला मऊ संगीत करता येत होते आणि ते करूनही पुन्हा जड संगीताकडे परतता येत होते. की-बोर्डची जमीन मिळाली म्हणून गिटार गळून पडली, हा तर्क मग 'वॉटरशेड'ला कसा लागू होतो? त्यात विबर्ग आहे, ऑर्गन आहे, आणि 'एअर अपॅरंट'सारखे पहिल्यापासून शेवटपर्यंत ग्राउल असलेले गाणेही आहे.

'हेरिटेज'मध्ये ध्वनिमुद्रणाचा विचारच बदलला. स्टॉकहोममधल्या ज्या स्टुडिओत आबा (ABBA) या स्वीडिश पॉप बँडने सुरुवातीच्या काळात काम केले, त्याच जुन्या अटलांटिसमध्ये हा अल्बम झाला. ड्रम्स कोरडे, जवळून ऐकू येणारे. गिटार बारीक, एकेरी. आधीच्या अल्बममधली भिंतीसारखी एकावर एक रचलेली गिटार नाही. सुरुवात होते ती एकट्या पियानोने, आणि त्यामागची प्रेरणा यान योहानसन हा स्वीडिश लोकगीते जाझच्या अंगाने वाजवणारा पियानोवादक. 2011 मध्ये मी हा अल्बम दुकानातून पूर्ण किमतीला विकत घेतला, तीनदा ऐकला, आणि जुन्या सीडी घेणाऱ्याला निम्म्याहून कमी किमतीत देऊन टाकला. 2016 मध्ये पुन्हा विकत घेतला. या पाच वर्षांत अल्बम तसाच होता हे मान्य, पण तो आधीच्या अल्बमचाच पुढचा भाग आहे असे मला आजही वाटत नाही.

शिवाय मुखपृष्ठ पाहा. झाडाला फळांच्या जागी बँडमधल्या पाच जणांचे चेहरे लटकलेले आहेत, आणि त्यांतला विबर्गचा चेहरा फांदीवरून खाली पडतो आहे, कारण ध्वनिमुद्रण झाल्यावर तो बाहेर पडला. आपण तुटतो आहोत हे त्यांनी स्वतःच चितारून ठेवले आहे.

---

सहा तारा

जुना गिऱ्हाईक, तुमचा 'वॉटरशेड'बद्दलचा मुद्दा मान्य. 'गरज कमी होणारच होती' हे वाक्य मी घाईने लिहिले. तसे काही अटळ नव्हते. पण मुखपृष्ठ तुम्ही अर्धेच पाहिलेत. त्याच झाडाची मुळे जमिनीखाली थेट नरकात उतरलेली आहेत, आणि ते मूळ म्हणजे बँडचे डेथ मेटल. मूळ तोडायचे असते तर चित्रकाराला ते काढायला सांगितलेच नसते.

दुसरे असे, की जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकचे वेड 2011 मध्ये उपटलेले नाही. 'माय आर्म्स, युअर हर्स' हे शब्द कोमस या ब्रिटिश लोकसंगीत बँडच्या 1971 च्या एका गाण्यातून उचललेले आहेत. 'ब्लॅकवॉटर पार्क' हे सत्तरच्या दशकातल्या एका विस्मृतीत गेलेल्या जर्मन बँडचे नाव आहे. आणि 'मॉर्निंगराइज'चे शेवटचे गाणे, 1996 मधले, पूर्णपणे स्वच्छ आवाजात गायलेले आहे. पुढे तेच वेड उघड्यावर आले आणि 'पेल कम्युनियन'मधल्या एका वाद्यसंगीताच्या तुकड्याला थेट गॉब्लिन या इटालियन बँडचे नाव देण्यात आले. ध्वनिमुद्रणाचा विचार बदलला हे तुमचे म्हणणे मात्र मी खोडून काढू शकत नाही. कोरडे ड्रम्स हा सांधा बुजवण्याचा नव्हे, तर तो पुन्हा उघडा दाखवण्याचा प्रकार आहे, आणि त्या अर्थाने 'हेरिटेज' हा 'ऑर्किड'च्या जवळ जातो. हे तुमच्यामुळे सुचले.

---

खर्जातला सा

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेली गाणी काल रात्री पुन्हा ऐकली. 'वॉटरशेड'मधल्या 'बर्डन'चा शेवट आता वेगळाच ऐकू आला. अकूस्टिक गिटारवर नाजूक चाल वाजत असते आणि वाजवता वाजवताच तारांच्या खुंट्या पिळल्या जातात, चाल तीच राहते पण सूर एकेक करून बेसूर होत घसरतात, आणि शेवटी कोणीतरी हसते. आधी मला ही थट्टा वाटली होती. 'हेरिटेज'च्या आधीचा हा शेवटचा अल्बम आहे हे लक्षात ठेवून ऐकताना हसू आले नाही.

'सॉर्सरेस'बद्दल कोणीच काही लिहिले नाही, याचा अर्थ मी जो काढायचा तो काढला. आता शेवटचा प्रश्न विचारतो. 2024 मध्ये ग्राउल परत आला, तो जुन्या श्रोत्यांच्या समाधानासाठी आला असे वाटते का? कारण जुनी गाणी मैफलीत गाताना तो आवाज बँडने नंतरही वापरलेला आहे, म्हणजे गळा शाबूत होता.

---

सहा तारा

'सॉर्सरेस'बद्दल बरोबर ओळखलेत. शीर्षकगीताचा रिफ चांगला जड आहे, बाकी अल्बम मला लांबलेला वाटतो.

2024 च्या ग्राउलबद्दल सांगायचे तर त्याचे काम बदलले आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली ही कथा आहे. एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर त्याचे मृत्युपत्र वारसांसमोर वाचले जाते, म्हणून पहिल्या सात गाण्यांना शीर्षके नाहीत, कायद्याच्या मसुद्यातल्या कलमांसारखे क्रमांक आहेत. ग्राउल हा मुख्यतः त्या मेलेल्या बापाचा आवाज आहे. 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये गाणे जड झाले की आवाज घोगरा व्हायचा. इथे बाप बोलू लागला की तो घोगरा होतो, आणि त्याच ओळीत, एका श्वासाच्या अंतरावर, स्वच्छ आवाज त्याला छेद देतो. जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन मधूनमधून निवेदन करतो आणि बासरी वाजवतो. आठव्या गाण्यापर्यंत कलमे संपलेली असतात, एक पत्र येते, आणि त्या गाण्यात ग्राउल नाही. पूर्वी जो सांधा रिफ आणि अकूस्टिक गिटारीच्या मध्ये होता, तो आता दोन पात्रांच्या मध्ये आलेला आहे.

---

डाव्या पायाचा हिशेब

एवढे दाट वाजवणे जमले याचे निम्मे श्रेय वाल्टेरी वायर्युनेनला द्या. पूर्वी पॅराडाइज लॉस्ट या बँडमध्ये असलेला हा ड्रमर 2022 मध्ये आला. त्याच्याकडे ॲक्सेनरोटचा वेग आहे आणि लोपेझचे हलके ठोकेही आहेत. माझी भेग यामुळे सोळा वर्षांनी बुजली, असे म्हणायला मी तयार आहे.

---

उत्तरेकडचा

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे स्वीडनमध्ये आहे, म्हणून ज्या अल्बमचा इथे कोणीच विचार केला नाही त्याबद्दल लिहितो. 2019 चा 'इन काउदा व्हेनेनम' हा अल्बम स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत आहे, आणि मूळ रचना स्वीडिशमध्ये झालेली आहे. आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजीच ऐकतात आणि तो अल्बम चांगला आहे पण लक्षात राहत नाही असे म्हणतात.

दोन्ही आवृत्त्यांत वाद्ये तीच आहेत, त्यामुळे फरक निव्वळ गळ्याचा ऐकू येतो. स्वीडिश बोलताना शब्दाच्या आतच सूर चढतो आणि उतरतो, स्वर लांबवले जातात. ओकरफेल्ट आपल्या भाषेत गातो तेव्हा चालीचे वळण आणि शब्दाचे वळण एकमेकांवर बसते, असे मला तरी जाणवते. इंग्रजीत तो अचूक गातो, पण जरा सावध वाटतो. 'हेरिटेज'पासून पुढे ग्राउलची जागा कोणी घेतली असे मला विचाराल तर माझे उत्तर या आवृत्तीतल्या गळ्याकडे बोट दाखवणे एवढेच आहे. इथे तो वरच्या पट्टीत ताणून, जवळजवळ ओरडून गातो, आणि 'डॅम्नेशन'मधल्या कुजबुजीपासून तो फार दूर आलेला आहे.

सुरुवात करायची तर 'यार्टात व्हेत व्हाद हांदेन योर' या गाण्यापासून करावी. शब्दशः अर्थ असा, की हात काय करतो ते हृदयाला ठाऊक असते. इंग्रजी आवृत्तीत त्याचे 'हार्ट इन हँड' एवढेच उरले आहे.